आसरा

गेल्या मे महिन्यात शेततळ्यातले मासे काढले, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. माणसांना सांगितली तर हसतात, म्हणून लिहून काढतो.

आमचं शेततळं चोपण तुकड्यात आहे. निफाड तालुक्यात कालव्याच्या खालच्या अंगाला अशा जमिनी पुष्कळ. पाणी मुरत नाही, पीक धड येत नाही, उन्हाळ्यात वर मिठासारखा पांढरा थर धरतो. बागाईतदार तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरतात, तो इथं लागत नाही. नुसत्या मातीवर पाणी टिकतं. थोरल्याने रोहू, कटला आणि सायप्रिनसची बोटुकली आणून सोडली. पहिल्या वर्षी त्यातली निम्मी पाणकावळ्यांनी खाल्ली. नांदूरमधमेश्वर आमच्यापासून जवळ. तिथल्या पाणथळीचं नाव २०२० साली रामसरच्या यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. अभिमान आहेच, पण तिथला पाहुणा जेवायला आमच्याकडे येतो.

दुसऱ्या वर्षी मी युक्ती केली. जुन्या पाइपलाइनचे सहा इंची पाइप बांधावर पडून होते. भंगारवाला किलोवर मागत होता, तो भाव काही पटेना. त्याचे पाच-पाच फुटांचे तुकडे केले, दगड बांधून तळ्याच्या खोल भागात टाकले, बाभळीचे दोन खुंटही लोटून दिले. महिना-दीड महिन्यात पाइपांवर शेवाळ धरलं. शेवाळात किडे झाले, किड्यांमागे मासे. दुपारी काठावर बसलं की पाइपाच्या तोंडाशी हालचाल दिसायची. पाणकावळा बुडी मारायचा आणि रिकाम्या चोचीने वर यायचा. मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, पुण्य केल्यासारखं वाटायचं.

मग मे महिना आला. मोटार लावून पाणी उपसलं. गुडघाभर राहिल्यावर चार माणसं जाळं घेऊन उतरली. जाळं हललं तसे मासे पाइपांकडे पळाले. वर्षभर जिथं पाणकावळ्यापासून जीव वाचला, तिथंच पळणार. आमचा गडी हसला. म्हणाला, "दादा, आता जाळ्याचं काय काम? पाइप उचला." दोन्ही तोंडांना गोणपाट दाबून दोघांनी पाइप वर घेतला आणि क्रेटमध्ये उपडा केला. एकेका पाइपातून चार-पाच किलो माल निघाला. तासाभरात काम झालं. एक मरळ क्रेटमधून उसळून चिखलात पडली. मरळ जमिनीवरही थोडी सरकते. चार हातांवर पाण्याचं डबकं होतं, तिकडं न जाता ती त्या रिकाम्या पाइपाकडे सरकत निघाली.

रात्री रस्सा झाला. मीही जेवलो. मासे खाणं मी सोडलेलं नाही आणि या लेखाच्या शेवटीही सोडणार नाही, तेव्हा खाण्याचा प्रश्न नाही. प्रश्न एवढाच, की ज्याला आपण आसरा दिला त्याला त्या आसऱ्यातच धरावं का? जाळ्यात सापडला असता तर मला काही वाटलं नसतं. जाळं उघड वैरी आहे.

यावर घरात बोलणं चाललं असताना नातीने तिच्या मोबाइलवरची एक बातमी वाचून दाखवली. आपल्या नौदलात गुलदार नावाचं जहाज होतं. पोलंडमध्ये बांधलेलं, सुमारे ८४ मीटर लांब. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवायचे, हे त्याचं काम. १९८५ साली नौदलात आलं आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालं. ते मोडीत न काढता राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे दिलं आणि वेंगुर्ल्याच्या बाजूला निवतीच्या खडकाजवळ समुद्रात बुडवायचं ठरलं. लोकांनी पाण्याखाली जाऊन बघायचं, आणि माशांना ते खडकासारखं घर व्हायचं. याला कृत्रिम खडक म्हणतात, इंग्रजीत रीफ.

मी समुद्र दोनदाच पाहिला आहे, पण हे समजायला शेतकऱ्याला अवघड नाही. समुद्राचा तळ पुष्कळ ठिकाणी नुसती वाळू आणि गाळ. तिथं चिकटायला, लपायला काही नाही. म्हणजे उघडं माळरान. माळावर एक झाड वाढलं की पाखरं येतात, पाखरांनी टाकलेल्या बियांची झुडपं होतात, झुडपांत ससा येतो, सशामागे कोल्हा. पाण्यातही तसंच. बुडवण्याआधी जहाजातलं तेल, वायरी, घाण काढतात. मग लोखंडावर शेवाळ आणि शंखशिंपले बसतात, बारके मासे येतात, बारक्यांमागे मोठे. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था सिमेंटचे पोकळ ठोकळे करून समुद्रात टाकते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर असे पुष्कळ टाकले आहेत. त्यात एक व्यवहाराची गोष्ट आहे, ती मला फार आवडली. ठोकळ्यांत ट्रॉलरचं तळ खरवडणारं जाळं अडकून फाटतं. त्यामुळे मोठा ट्रॉलरवाला तिथून लांब राहतो आणि गळ टाकणाऱ्या लहान माणसाला चार मासे मिळतात.

नात म्हणाली, "म्हणजे आजोबा, जहाजाचं पुनर्वसन झालं."

पोर सहज बोलली. पण पुनर्वसन हा शब्द आमच्या घरात सहज निघत नाही. माझं आजोळ पाण्याखाली आहे.

पैठणच्या जायकवाडी धरणात ११८ गावं गेली, त्यातलं एक आजोळचं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. त्याच वर्षी मी दहावी झालो, म्हणून साल पक्कं लक्षात आहे. आमच्याकडून वाहत गेलेली गोदावरीच तिथं अडवली आहे. गंगापूर, दारणा ही आमची वरची धरणं. त्यांचं पाणी नांदूरमधमेश्वरावरून खाली नाथसागरात जातं. २००५ च्या कायद्यानंतर तुटीच्या वर्षी वरून पाणी सोडायची पाळी आली की नाशिक-नगर एका बाजूला आणि मराठवाडा दुसऱ्या बाजूला. मीही एकदा "पाणी सोडू नका" म्हणून रस्त्यावर बसलो आहे. संध्याकाळी घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "माझ्या माहेराला पाणी देऊ नको म्हणतोस होय?" तिच्या माहेराला पाणी कमी नव्हतं, चाळीस फूट होतं. पण मला उत्तर देता आलं नाही.

गाव सोडताना मामाने घर उकललं. दारं, चौकटी, खांब, तुळया, माळवदाची किलचणं, सगळं बैलगाडीत घालून नव्या गावठाणात नेलं. मातीच्या भिंती राहिल्या, त्या पाण्यात विरघळल्या. राहिलं ते घडीव दगडाचं जोतं, ओसरीच्या दोन पायऱ्या, आडाचा कठडा आणि दगडी उखळ. उखळ जमिनीत पुरलेलं होतं, निघालं नाही.

धरणात मासेमारी सुरू झाली. भोई मंडळी आधीपासून गंगेवर मासे धरत होती, ती होड्या घेऊन मोठ्या पाण्यात आली. आमचा मामेभाऊ त्यांच्यातल्या एका दोस्ताबरोबर जाऊन जाऊन शिकला. मराठ्याच्या पोराने हे काम करायचं म्हणून भावकीत कुजबुज झाली, पण नवी जमीन मुरमाड निघाली होती, कुजबुजीने पोट भरत नाही. त्याने संस्थेचा परवाना काढला. जुन्या गावावर इतर लोक जाळं टाकत नसत. जोत्यात, बाभळीच्या खोडांत अडकून फाटायचं. हा मात्र गळ घेऊन नेमका तिथंच जायचा. पलीकडच्या टेकडीवरचा टॉवर आणि काठावरचा लिंब एका रेषेत आला की त्याच्या होडीखाली त्याची ओसरी. तिथून डावीकडे थोडं सरकलं की आड. मरळ, शिवडा, वाम, मोठे मोठे मासे त्याला तिथं मिळायचे. लोक विचारायचे, तुलाच कसे मिळतात? हा सांगायचा, "घरचा रस्ता कोणाला सांगावा लागतो का?"

मामी त्याच्या हातचा तो मासा खायची नाही. दुसऱ्या कोणाचा आणला तर रांधायची आणि खायचीही. मी एकदा गेलो असताना त्या दोघांचं चाललं होतं.

"सयपाकघरात येऊन बसलेल्याला धरून आणतोस, आन् मला म्हणतोस रांध?"

"बाई, घर आपलं हाय. इतकी वर्षं फुकट राहतेत. भाडं घेऊ नगं का?"

मामी म्हणाली, "भाडं घेतेत, भाडेकरी न्हाई खात."

मी हसलो. मामा हसला नाही. तो अंगणात दोरी वळत बसला होता, वळतच राहिला.

२०१६ च्या उन्हाळ्यात नाथसागर मृतसाठ्यात गेला आणि जुन्या गावाची जागा उघडी पडली. मामाने निरोप धाडला, घर बघायला ये. तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता. गाळाला भेगा पडल्या होत्या, त्यातून चालत गेलो. जोतं जसंच्या तसं. दगडांच्या फटींत शिंपले घट्ट बसलेले, उखळात बारक्या माशांची हाडं आणि वाळलेला चिखल. मामा पायरीवर बसला. घर सोडून चाळीस वर्षं झाली होती. मला वाटलं रडेल. त्याने फटीतला एक शिंपला नखाने काढून पाहिला, परत होता तिथं ठेवला आणि म्हणाला, "म्हंजे घर रिकामं नव्हतं."

त्या उन्हाळ्यात लोक ट्रॅक्टर घेऊन जुन्या गावातले दगड नेत होते. चांगले घडीव दगड, कोण सोडतो? मामेभावानेही ट्रॉली आणली होती, नव्या घराच्या ओट्याला हवे होते. मामाने एकही दगड हलवू दिला नाही. "राहू दे. पाणी आल्यावर लागतील." कोणाला लागतील ते त्याने सांगितलं नाही. माशांना, की मासे धरणाऱ्या त्याच्या लेकाला? मी दोन्ही अर्थ लावून पाहिले आहेत. मामा गेला, आता विचारायची सोय नाही. पावसाळ्यानंतर लेक पुन्हा तिथंच गळ टाकू लागला.

आता माझा हिशेब.

शेतकरी फसवतो, यात नवल नाही. टोमॅटोच्या कडेने आम्ही झेंडू लावतो तो काही शोभेला नाही. अळीच्या मादीने अंडी झेंडूवर घालावीत म्हणून. त्याला सापळा पीकच म्हणतात. कामगंध सापळ्यात नर पतंग मादीच्या वासाने येतो आणि मरतो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. नाव सापळा आहे, काम सापळ्याचं आहे. कोंबडी आणि बोकडही आपण खायला घालून वाढवतो आणि कापतो. तिथं मनाला एक आधार असतो, की आपण पाळला म्हणून तो जगला, वाढला.

मग पाइपातला मासा कुठं बसतो? तो मी वाढवला, की नुसता गोळा केला? नातीकडून कळलं की रीफबद्दल शास्त्रज्ञांचा कितीतरी वर्षांचा वाद नेमका हाच आहे. बुडवलेल्या जहाजावर मासे दिसतात हे सगळ्यांना मान्य. पण ते तिथं जास्त जन्मले, जास्त जगले, की इकडचे तिकडचे येऊन जमले? जास्त जगले असतील तर त्यातला वाटा घेणं म्हणजे पीक काढणं. नुसते जमले असतील, तर आपण समुद्राला काही दिलं नाही. विखुरलेलं धान्य एका जागी झाडून चोराला वाट दाखवली. खडकाखडकाप्रमाणे, माशामाशाप्रमाणे याचं उत्तर बदलतं म्हणतात. माझ्या तळ्यात उत्तर सोपं आहे. पाणकावळ्यापासून वाचले ते पाइपांमुळेच वाचले. पण जायकवाडीतला शिवडा जोत्यात वाढला, की लांबून सावज शोधत तिथं आला, हे मामेभावालाही सांगता येणार नाही.

अमेरिकेत डेलावेअरच्या किनाऱ्यापुढे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे जुने डबे २००१ पासून बुडवले, शेकड्यांनी. दारं-खिडक्या काढलेले पोकळ डबे, माशांना आवडले. मासे वाढले तशी माणसांची गर्दी वाढली. मग पिंजरे लावून धरणारे आणि गळ टाकणारे यांचं भांडण लागलं. शेवटी २०१८ साली सरकारने नियम केला, की या खडकांवर गळ आणि हाताने मारायचा भाला, एवढंच चालेल. म्हणजे आधी आसरा झाला आणि त्यात कोणी किती खायचं याचा विचार सतरा वर्षांनी. त्याच देशात फ्लोरिडाजवळ १९७२ साली वीसेक लाख जुने टायर असेच माशांसाठी म्हणून समुद्रात टाकले होते. त्यांना बांधलेल्या पट्ट्या तुटल्या, टायर सुटून खऱ्या प्रवाळावर जाऊन आपटू लागले. ते वर काढायचं काम पुढे कितीतरी वर्षं चाललं. घर बांधायच्या नावाखाली उकिरडा टाकला. हे ऐकून मी त्या भंगारवाल्याची आठवण काढली. त्याने चांगला भाव दिला असता, तर माझ्या माशांना पाइप मिळाले नसते. माझ्या पुण्याची किंमत किलोमागे दोन-चार रुपये एवढीच होती.

अजून एक बोलायला हवं. गाव बुडालं, तिथं मासे झाले, माशांवर माणसं जगली, हे खरं. पण म्हणून गाव बुडालं ते बरं झालं, असं मी कोणाला म्हणू देणार नाही. एका कार्यक्रमात एकाने माझ्यासमोर म्हटलं होतं. गुलदार जहाज काम संपवून निवृत्त झालं होतं. आजोळ निवृत्त झालं नव्हतं. त्या उखळात आदल्या दिवशी मिरच्या कांडल्या होत्या. बुडवणाऱ्याने माशांचा विचार केला नव्हता, विस्थापितांचा जेवढा केला तो आम्हाला माहीत आहे. मासे आपले आपण आले. त्यांच्या येण्याचं श्रेय बुडवणाऱ्याने घेऊ नये.

आणि मामीचं? ती अडाणी, पण तिने बोट बरोबर ठेवलं होतं. आसरा देणाऱ्याने एकदा तरी उंबऱ्याच्या आत हात घालायचा नाही. मामेभावाचंही मला खोटं वाटत नाही. त्याचं सगळं गेलं, त्यातून त्याला गळाला लागेल एवढं मिळालं, ते सोड म्हणायचा हक्क मला नाही. मी रस्त्याच्या वरच्या बाजूचा, पाणी अडवणारा. पण एक फरक मी त्याच्या गळात आणि माझ्या गोणपाटात पाहतो. गळाला एक मासा लागतो तेव्हा ओसरीत बाकीचे राहतात. मी दोन्ही तोंडं दाबून घरच्या घर उपडं केलं होतं.

रायगडात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड म्हणून डोह आहे. तिथले महसीर मासे देवीचे म्हणून कोणी धरत नाही. त्या मोठाल्या माशांना लोक खायला टाकतात, पोरं काठावर बसून बघतात. नदीत वर-खाली मासेमारी चालते, डोह तेवढा सोडायचा. असं सोडायला देवी लागते, हे मला थोडं खटकतं. आपल्या आपण सोडवत नाही का? पण सोडवत नाहीच, हे माझ्या तळ्यावर कळलं होतं. निवतीला जहाज बुडेल तेव्हा त्याच्या आसपास किती अंतर सोडायचं, कोणी धरायचं, गळाने की जाळ्याने, हे तिथल्या मच्छीमारांना बसवून आधीच ठरवावं. मासे जमल्यावर ठरवायला बसलं की कोणाला ऐकू येत नाही.

पावसाळ्यात नवी बोटुकली सोडली. पाइप पुन्हा टाकले, यंदा आठ. थोरल्याला आणि गड्याला सांगून ठेवलं आहे, की मे महिन्यात पाणी कमरेखाली उपसायचं नाही, जाळं फिरवायचं, येतील ते घ्यायचे आणि पाइपांना हात लावायचा नाही. थोरल्याने लगेच तोटा काढून दाखवला. निम्मा माल आत राहील म्हणतो. गडी म्हणाला, "दादा, आतल्या मरळी पुढच्या वर्षीची बोटुकली खातील. मग?" त्याचं म्हणणं चूक नाही. मरळ खाणारच. मी म्हटलं, मरळींसाठी गळ आण, मी बसतो काठावर.

मामेभावाला फोन केला होता, गळ कुठला घ्यावा म्हणून. तो खूप हसला, मग नंबर सांगितला. मामी शेजारीच असावी. मागून आवाज आला, "कोण रे? काय इचारतोय?"